प्रातिनिधिक कोंबडीची सुनावणी

माणूस आणि त्याचं जेवण यांच्यामध्ये एक नैतिक हद्द असते, आणि सुधारलेल्या समाजात ती नेमकी कुठे आहे याचा विचार जेवण झाल्यावर केला जातो. जेवणाआधी विचाराला बसलं तर पानातलं निवून जातं. शिवाय भुकेल्या माणसाला विचार सुचत नाही आणि जेवलेल्याला त्याची गरज वाटत नाही, त्यामुळे हा प्रश्न हजारो वर्षं अतिशय समाधानकारक रीतीने प्रलंबित राहिलेला आहे. तो कायमचा निकाली काढण्याचा मान शेवटी मोजणी कार्यालयाकडे गेला, हे योग्यच झालं. हद्दी ठरवणं हा त्या कार्यालयाचा रोजचा धंदाच होता.

मोजणी कार्यालयाचं काम असं. दोन शेजाऱ्यांचं कुंपणावरून वाजतं. त्यातला एक जण अर्ज करतो. कार्यालय दोघांनाही नोटीस काढतं, दोघांनाही जागेवर उभं करतं, माप घेतं, दगड रोवतं आणि दोघांच्या सह्या घेतं. मग दोघंही नव्या दगडावरून भांडायला मोकळे होतात. या सगळ्यात एक नियम मात्र कधीच मोडायचा नाही : ज्याची जमीन लागून आहे तो माणूस, म्हणजे लगतधारक, समोर हजर असल्याशिवाय हद्दीला हात लावायचा नाही. हा नियम तिथल्या मंडळींच्या अंगात इतका मुरला होता की टायपिस्टबाई घरातलं कपाट चार बोटं सरकवायचं झालं तरी आधी जावेला हाक मारत.

या कार्यालयाचे हेडक्लार्क म्हणजे आप्पा. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथेच राहिलं. बायकोसुद्धा त्यांना आप्पाच म्हणे. या महिन्याच्या अखेरीस आप्पा निवृत्त होणार होते, आणि या निवृत्तीची ते फार आतुरतेने वाट बघत होते. विश्रांतीसाठी नव्हे. विश्रांती त्यांना नोकरीतही पुरेशी मिळत होती. ते वाट बघत होते तंगडीची.

मोजणी कार्यालयात निवृत्त होणाऱ्याला घड्याळ देत नसत (आता वेळ बघून तो करणार काय, असा व्यवहारी विचार). त्याऐवजी त्याला कार्यालयाच्या कँटीनमध्ये जेवण देत. जेवणाला कोंबडी. पहिली तंगडी निवृत्त होणाऱ्याच्या पानात पडायची, आणि तो पहिला घास घेईपर्यंत साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे हात बांधून उभे राहायचे. बाकी आयुष्यात ज्याच्यासाठी बसही थांबली नव्हती, त्याच्यासाठी त्या दिवशी अख्खं कार्यालय थांबायचं. अशी सगळी निरोपाची जेवणं आजवर आप्पांनीच मांडली होती. त्यांनी दुसऱ्यांच्या पानात वाढलेल्या तंगड्यांवर एखादं लहानसं सैन्य उभं राहिलं असतं. वाढणारा शेवटी बसतो, त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या वाट्याला दरवेळी मान आणि पातेल्याच्या तळाचा रस्सा येई. त्यांनी कधी तक्रार केली नाही. माणसाला आयुष्यात काहीतरी ध्येय लागतं, आणि आप्पांचं ध्येय दर जेवणागणिक जवळ येत होतं.

ते अगदी हाताशी आलं असताना नवे साहेब प्रशिक्षणाहून परत आले.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना प्रश्न पडत, आणि पडलेला प्रश्न ते उचलून दुसऱ्याच्या टेबलावर ठेवत. प्रशिक्षण मूल्याधिष्ठित प्रशासनाचं होतं. त्यात दुपारच्या सत्रात कोंबड्यांच्या पैदाशीवर एक चित्रफीत दाखवली होती. ती पाहून साहेबांना भडभडून आलं. संध्याकाळी जेवणात कोंबडीच होती. साहेब जेवले (भूक लागली होती), आणि मग त्यांना पुन्हा भडभडून आलं. या दोन भडभडण्यांच्या मधल्या वेळेत आपलं काहीतरी चुकलं, असं त्यांच्या मनाने घेतलं. आल्या आल्या त्यांनी सर्व कर्मचाऱ्यांची पाहणी करून घेतली. प्राण्यांना त्रास व्हावा असं आपल्याला वाटतं का? शंभर टक्के कर्मचारी : मुळीच नाही. आपण मांस खाता का? बहात्तर टक्के : हो. या दोन उत्तरांत आपल्याला काही विसंगती जाणवते का? शंभर टक्के : जेवणाची सुट्टी झाली आहे.

बहात्तर टक्क्यांच्या आतही बऱ्याच गल्ल्या निघाल्या. मोजणीदार फक्त बिनहाडाचं खात, कारण ज्याला हाड नाही ते कधी चालत होतं असं त्यांना वाटत नसे. टायपिस्टबाई नुसता रस्सा घेत आणि फोडी बाजूला सारत. कोंबडी ज्या पाण्यात शिजली त्या पाण्याचा काही दोष नाही, असं त्यांचं मत होतं. एक जण बाहेर खाई पण घरी खात नसे, एक जण घरी खाई पण बाहेर तसं सांगत नसे. उरलेल्या अठ्ठावीस टक्क्यांतले लेखापाल स्वतःला शाकाहारी म्हणवत. ते अंडी खात, पण डोळे मिटून.

साहेबांनी या आकड्यांवर रात्रभर नव्हे, पण चहा येईपर्यंत विचार केला, आणि परिपत्रक काढलं.

'ज्याअर्थी कोणतीही हद्द लगतधारकाच्या गैरहजेरीत कायम करता येत नाही. आणि ज्याअर्थी खाणारा व खाल्ला जाणारा हे एकमेकांचे अत्यंत निकटचे लगतधारक असून जेवणानंतर तर त्यांच्यात कसलीच हद्द उरत नाही. त्याअर्थी यापुढे कार्यालयीन जेवणात खालील पद्धत पाळावी :

(१) कोंबडी शिजवण्यापूर्वी एक प्रातिनिधिक कोंबडी कार्यालयात हजर ठेवावी. (उर्वरित कोंबड्या तिच्याशी सहमत आहेत असे गृहीत धरावे.)

(२) ज्याच्या सन्मानार्थ जेवण आहे त्याने सदर कोंबडीशी पुरेसा परिचय करून घ्यावा. (पुरेसा म्हणजे किती, हे त्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोपवण्यात येत आहे. ती उपलब्ध नसल्यास साहेबांच्या.)

(३) कोंबडीस आपली हरकत नोंदवण्याची वाजवी संधी द्यावी.

(४) त्यानंतर सन्मानमूर्तीने "ओळख झाली, खाण्यास हरकत नाही" अशी सही करावी, म्हणजे कोंबडी त्याच्यासमक्ष कापता येईल. जेवणाऱ्या इतर कर्मचाऱ्यांना सहीची आवश्यकता नाही.'

चौथ्या कलमातलं शेवटचं वाक्य सगळ्यांना फार आवडलं. इतकं माणुसकीचं परिपत्रक गेल्या कित्येक वर्षांत निघालं नव्हतं, असं मोजणीदार म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी कँटीनच्या काकू टोपलीतून एक कोंबडी घेऊन आल्या. तांबूस रंगाची, तुरा एका बाजूला कललेला. तिने साहेबांकडे आधी एका डोळ्याने पाहिलं, मग खात्री करायला दुसऱ्या डोळ्याने, आणि नंतर पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं नाही. पहिली अडचण भांडारपालांना आली. कार्यालयात आलेली वस्तू कुठेतरी नोंदवायला हवी. डेडस्टॉक रजिस्टरात घेता येईना, कारण कोंबडी अजून त्या पात्रतेची झाली नव्हती. नाशवंत मालात घेतली तर ती ताबडतोब संपवावी लागली असती. शेवटी तिला रोजंदारीवर घेतलं. काम : ओळख होणे. हे काम ती सकाळी कार्यालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत न कंटाळता करत असे, आणि नेमून दिलेलं काम पूर्ण वेळ करणारी कर्मचारी त्या इमारतीत तेव्हा ती एकटीच होती. तिला नाव ठेवायचं नाही, नावाने निःपक्षपातीपणा बिघडतो, असं साहेबांनी बजावलं. त्यामुळे सगळे तिला पाहुणी म्हणू लागले.

पाहुणीची सोय आप्पांच्या टेबलाखाली झाली. आप्पा या प्रकरणाकडे इतर कुठल्याही फायलीसारखंच बघत होते, म्हणजे ती पुढे कशी ढकलता येईल ते. त्यांनी खुर्ची मागे सरकवली, वाकून टेबलाखाली पाहिलं आणि सांगितलं, "हे बघ, मी हेडक्लार्क. तू कोंबडी. झाली ओळख."

"एवढ्याने नाही होत आप्पा," साहेब दारातून म्हणाले. "उद्या तुम्ही म्हणाल, मोजणी खिडकीतून केली."

हे आप्पांना लागलं. आजवर त्यांच्या हातून खिडकीतून मोजणी झाली होती, पण तसं कोणी तोंडावर म्हणालं नव्हतं. त्यांनी ठरवलं, आता ओळख करायची तर रीतसरच करायची.

रीतसर ओळखीचा पहिला परिणाम पायांवर झाला. आप्पांच्या टेबलाशेजारी जमिनीवर पंखा होता आणि त्याचा वारा नेमका घोट्यांना लागे. पाहुणी दुपारी येऊन त्यांच्या दोन्ही पावलांवर बसू लागली. इतक्या वर्षांत त्या कार्यालयात आप्पांच्या पायांची कोणी फिकीर केली नव्हती. दुसरा परिणाम टाचण्यांचा. जमिनीवर चकाकणारं काहीही ती टिपायला बघे, आणि मोजणी कार्यालयाच्या जमिनीवर टाचण्यांचा सडा असे. एखादी गिळली तर? आप्पा सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन, गुडघ्यांवर बसून, खोलीभर टाचण्या वेचू लागले. हे आपण नियमाच्या पूर्ततेसाठी करतो आहोत, असं त्यांनी दोन-तीन दिवस स्वतःला सांगितलं. मग सांगायचं विसरले.

"आज काय खाल्लं तुमच्या पाहुणीने?" बायकोने पोळी वाढताना विचारलं.

"मका खाल्ला. पण मन नव्हतं तिचं. काकडीच्या साली दिल्या तेव्हा कुठे खुलली."

"पस्तीस वर्षं झाली," बायको म्हणाली. "मी काय खाल्लं ते एकदा विचारलं नाहीत."

"तुझ्याशी माझी ओळख पूर्वीचीच आहे गं. परिपत्रक आत्ता निघालं."

बायकोने दुसरी पोळी जरा जोरात वाढली. थोड्या वेळाने मात्र ती म्हणाली, "एक सांगून ठेवते. खायची असेल तर खा. तुमचा मान आहे, मी नाही म्हणणार नाही. पण मग घरी येऊन तिच्याबद्दल काही सांगत बसू नका. मला ऐकवणार नाही." घास घेता घेता आप्पांना एकदम जाणवलं की आपण अडकलो आहोत.

इकडे कार्यालयात पर्याय शोधणारी उपसमिती स्थापन झाली होती. आप्पांनी सही केली नाही तर त्या दिवशी जेवायचं काय, हा तिच्यापुढचा विषय. उपसमितीने प्रथम सोयाचे गोळे तपासले. निष्कर्ष : चघळायला उत्तम. मोजणीदारांनी एक गोळा विषय क्रमांक एकला तोंडात टाकला आणि आभार मानायच्या वेळी गिळला. मधल्या काळात कोणालाच बोलता न आल्यामुळे ही त्या कार्यालयाच्या इतिहासातली सर्वात खेळीमेळीची बैठक ठरली. मग कच्च्या फणसाची भाजी मांसासारखी परतून आणली. ती बरी लागली, पण भाजी आहे हे माहीत असल्यामुळे तिसऱ्यांदा कोणी मागितली नाही. अळंबी ठेवल्या होत्या, त्यांच्याकडे सगळ्यांनी आदराने पाहिलं.

शेवटी एका कंपनीचा प्रतिनिधी टाय लावून आला. त्याने एक बरणी टेबलावर ठेवली. कोंबडीच्या अंगातला डोळ्यालाही न दिसणारा एक कण काढायचा आणि तो बरणीत वाढवायचा. मांस तयार, कोंबडी जिवंत, कोणाला काही दुखलं नाही. उपसमितीने टाळ्या वाजवल्या. नमुना तव्यावर परतला. लेखापालांनीही तो डोळे उघडे ठेवून खाल्ला, यावरून त्या क्षणाचं महत्त्व लक्षात यावं.

"याचे लगतधारक कोण?" साहेबांनी विचारलं.

प्रतिनिधीने एका कोंबडीचा फोटो काढून दाखवला. ती हिरवळीवर उभी होती आणि आनंदात दिसत होती.

"यांना हजर करा."

"त्या परदेशात असतात साहेब."

"मग त्यांचं मुखत्यारपत्र आणा."

प्रतिनिधी मुखत्यारपत्र आणायला गेला आणि परत आला नाही. बरणी मात्र राहिली होती, म्हणून उपसमितीने उरलेला नमुनाही संपवला. चव तीच होती. पोत तोच होता. तरी काहीतरी कमी आहे, असं प्रत्येकाला वाटत राहिलं. मीठ घालून पाहिलं, तिखट घालून पाहिलं. बऱ्याच ऊहापोहानंतर लेखापालांनी बरोबर बोट ठेवलं : यात कोणाचंच काही वाईट झालेलं नाही, त्यामुळे आपली चैन झाल्यासारखी वाटत नाही. हे मत इतिवृत्तातून नंतर वगळण्यात आलं.

मग सुनावणीचा दिवस उजाडला. निरोपाच्या जेवणाचा दिवसही तोच होता. पाहुणीला साहेबांच्या टेबलावर, हिरव्या कापडावर उभं केलं. समोर सगळं कार्यालय. टायपिस्टबाईंनी तिला नोटीस वाचून दाखवली, आणि साहेबांनी मोठ्या गांभीर्याने विचारलं, "आपल्याला शिजवण्यास आपली काही हरकत आहे का?"

पाहुणीने खिडकीकडे पाहिलं, शाईच्या दौतीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "कॉक."

टायपिस्टबाईंची बोटं थांबली. "साहेब, हे हरकत म्हणून घेऊ की नाहरकत?"

"पुन्हा विचारा," मोजणीदार म्हणाले. "माप नेहमी दोनदा घ्यावं."

साहेबांनी पुन्हा विचारलं. पाहुणी वळली, दोन पावलं चालली आणि नोटिशीवर जे करायचं ते करून मोकळी झाली. सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी सांगितलं, "लिहा : नोटीस पोचली."

मग निकाल. कोंबडीची हरकत लेखी नाही, तोंडी हरकत संदिग्ध आहे, सबब हरकत नाही असं धरण्यात येत आहे. साहेब हे सांगत असतानाच आप्पा उभे राहिले. उभं राहायचं त्यांनी ठरवलं नव्हतं.

"साहेब, ती हरकतच होती."

"कशावरून?"

"मला तिचा आवाज कळतो. पाणी हवं असलं की ती दोनदा ओरडते. पायावर बसायचं असलं की हळू, घशातल्या घशात. आणि नको असलं की असंच, एकदाच, मान उंच करून. काल तिला टोपलीत घालायला गेलो तेव्हा हेच म्हणाली होती."

साहेबांचा चेहरा उजळला. "शाब्बास आप्पा! म्हणजे कलम दोनची पूर्तता झाली. एवढी ओळख तर माझी माझ्या मेव्हण्याशीही नाही. आता तुम्हीच सही करायला सर्वस्वी पात्र आहात." आणि त्यांनी कागद आप्पांपुढे सरकवला.

ही त्या परिपत्रकाची खुबी होती. ज्याची ओळख झाली नाही त्याला सही करता येत नव्हती, आणि ज्याची झाली त्याच्या हातून ती होत नव्हती. बाकीच्यांना दोन्हीची गरज नव्हती. त्यांना फक्त भूक लागली होती. ती लागणारच, कारण आज चांगलं जेवायचं म्हणून निम्म्या लोकांनी सकाळी न्याहारी केली नव्हती.

"आप्पा, एक सही तर आहे," मोजणीदार कानाशी येऊन म्हणाले. "जन्मभर न वाचता केल्यात. ही वाचून करताय, एवढाच काय तो फरक."

"तुम्ही केलीत म्हणजे तुम्हीच खाल्लीत असं थोडंच आहे?" टायपिस्टबाई म्हणाल्या. "आम्ही सगळे खाणार आहोत ना बरोबर. मी तर नुसता रस्साच."

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय ते लवकर ठरवा बाबांनो. मका खाऊन खाऊन ती माझं पोतं संपवेल."

आप्पांनी पेन उघडलं. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी : आप्पांना तंगडी हवी होती. मनापासून हवी होती. अख्खं कार्यालय हात बांधून उभं आहे आणि आपण सावकाश पहिला घास घेतो आहोत, हे चित्र त्यांनी इतकी वर्षं जपलं होतं की त्यातल्या उभ्या माणसांच्या बदल्या झाल्या, काही वारले, तरी चित्र तसंच होतं. तंगडी नको असं त्यांना क्षणभरही वाटलं नाही. फक्त ती कोणाचीही असती तरी चाललं असतं, हिची सोडून. आणि हात बघावा तो हिच्याच मानेवरून फिरत होता. पाहुणी हिरव्या कापडावरून त्यांच्या बाजूला सरकली आणि घशातल्या घशात, हळू, काहीतरी म्हणाली. आप्पांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

त्यांनी कागदावर लिहिलं, 'ओळख झाली, म्हणूनच हरकत आहे,' आणि खाली सही केली. आपण काहीतरी गमावलं हे त्यांना त्याच क्षणी कळलं. डोळ्यांतलं ते पाणी पाहुणीसाठी किती आणि तंगडीसाठी किती, हे त्यांना सांगता आलं नसतं.

आधी टायपिस्टबाईंनी टाळी वाजवली. त्यांच्यामागून भांडारपालांनी, आणि बघता बघता सगळं कार्यालय टाळ्या वाजवत उभं राहिलं. मोजणीदारांनी डोळे पुसले. लेखापालांनी आप्पांना मिठी मारली. साहेबांचा आवाज कापत होता. "आज या कार्यालयाने खरी हद्द कायम केली," ते म्हणाले. "माणसाच्या आत कुठेतरी एक दगड असतो, तो आज सापडला." (हे वाक्य त्यांना चांगल्या अर्थाने म्हणायचं होतं.) पाहुणीची रोजंदारी त्याच दिवशी संपवून तिला आप्पांबरोबर घरी पाठवावं, असा ठराव झाला. सगळ्यांना फार हलकं वाटत होतं. आपण चांगली माणसं आहोत अशी जुनी शंका त्यांना होती, तिला आज कागदोपत्री पुरावा मिळाला होता.

"मग आता जेवायला काय?" भांडारपालांनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं. सोयाचे गोळे डोळ्यांपुढे येऊन दोघं-तिघं खाली बसले.

"मटण टाकलंय," काकू म्हणाल्या. "सकाळीच टाकलं. तुमचं काय ठरेल याचा नेम नव्हता. शिजून तयार आहे."

टाळ्या थांबल्या. सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी परिपत्रक उघडलं, वरपासून खालपर्यंत वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. "परिपत्रक कोंबडीपुरतं आहे," ते शेवटी म्हणाले. "बोकडाच्या हद्दीबाबत कार्यालयाकडे आजतागायत कोणाचाही अर्ज आलेला नाही. अर्ज नसताना मोजणी करणं नियमबाह्य होईल."

एवढी मोठी जबाबदारी कोणी अंगावर घेत नाही. सगळे कँटीनमध्ये गेले.

पानं मांडली गेली. या वेळी वाढायला मोजणीदार उभे राहिले, आणि आप्पा आयुष्यात पहिल्यांदा मधल्या खुर्चीवर बसले. तंगडीच्या जागी काकूंनी त्यांच्या पानात सगळ्यात मोठी नळी घातली. वाफ आली. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे हात बांधून उभे राहिले. आप्पांनी पानाकडे पाहिलं, मग काकूंना जवळ बोलावलं आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "हा... कोण होता?"

"कोण म्हणजे?" काकू म्हणाल्या. "मटण आहे."

"हां, मटण," आप्पा म्हणाले. त्यांचे खांदे सैल पडले. त्यांनी नळी उचलली, डोळे मिटले आणि ओढली. टेबलाखाली पाहुणी त्यांच्या पावलांवर येऊन बसली होती आणि सांडलेली भाताची शितं टिपत होती. पाय उबदार, तोंडात मगज, भोवती हात बांधून उभं असलेलं कार्यालय. आप्पांना इतकं सुख कधीच झालं नव्हतं. त्यांनी मानेने खूण केली आणि सगळे तुटून पडले. टायपिस्टबाईंनी नुसता रस्सा घेतला.

जेवण चालू असतानाच साहेबांनी मोहिमेचा अहवाल सांगितला आणि टायपिस्टबाईंनी डाव्या हाताने तो उतरवून घेतला. त्याचं शेवटचं वाक्य असं : 'या संपूर्ण मोहिमेत एकही जीव गेला नाही.' खाली सर्वांनी सह्या केल्या. काही सह्यांवर रश्शाचे डाग आहेत, पण अक्षर सुवाच्य आहे.

हा अहवाल खोटा आहे असं म्हणण्याची घाई कोणी करू नये. वाचकांनी तर नाहीच. पाहुणीचं काय होणार म्हणून आपलाही जीव खालीवर होत होता, आणि आप्पांनी हरकत लिहिली तेव्हा आपण सुटकेचा श्वास सोडलात, हे आम्हाला ठाऊक आहे. आपण तो श्वास सोडत होतात तेव्हा काकूंचं पातेलं शिजून तयार होतं. त्यात कोण आहे, असं काही आपण विचारलं नाहीत. विचारायचं कारणही नव्हतं. त्याच्याशी आपली कोणी ओळख करून दिली नव्हती. (जे वाचक मुळात मांसच खात नाहीत आणि हे सगळं इतरांबद्दल आहे म्हणून मघापासून समाधानाने चहाचे घोट घेत वाचत आहेत, त्यांना आम्ही त्रास देणार नाही. त्या चहातल्या दुधाला लागून असलेलं वासरू सध्या कुठे असतं, याची चौकशी आमच्याकडेही कोणी केलेली नाही.) तेव्हा अहवाल खरा आहे असंच धरावं लागेल. त्यावर सह्या करायला तळाशी अजून भरपूर जागा आहे आणि वाचकांची सही तिथे चालते. कोणाला हरकतच घ्यायची असेल, तर तीही घेता येईल. त्याने समक्ष यावं, वेळेचं बंधन नाही. अट एकच, येताना जेवून यायचं नाही.